बडोद्यात घरच्या घरी जॅझ गाणं आणि पियानो एकत्र रेकॉर्ड करायला काय काय घ्यावं?

सगळ्यात आधी इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) बघा, कारण पियानोला दोन माइक आणि गाण्याला एक असे तीन लागतात, आणि फोकसराइट स्कारलेट २आय२ मध्ये माइकचे इनपुट दोनच, त्यामुळे चार माइक इनपुटवालाच घ्या, ४८ व्होल्ट फँटम पॉवरसकट (कंडेन्सर माइकला केबलमधूनच लागणारी वीज). पियानोला दोन सारखे छोटे कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही टिपणारे माइक, आणि पियानो अपराइट (उभा) असेल तर वरचं झाकण उघडून.

गाण्याला रोड कंपनीचा एनटी१ हा कंडेन्सर छान, पण दांडिया बाजारात घर असेल तर गाड्यांचे हॉर्न पण तितकेच छान येतात 😀 तिथे खरंच शुअर एसएम५८ सारखा डायनॅमिक, म्हणजे लांबचे आवाज कमी टिपणारा माइक बरा. तोंडापासून १५-२० सेंटीमीटर, आणि माइकची पाठ पियानोकडे, म्हणजे पियानो त्यात कमी शिरतो. थोडा शिरणारच, जॅझमध्ये तो चालतो, उलट एकत्र वाजवल्याची मजा त्यातच आहे, म्हणून वेगवेगळं रेकॉर्ड करू नका प्लीज!

रेकॉर्डिंगची लेव्हल -१२ डेसिबलच्या आसपास ठेवा, म्हणजे आवाज फाटणार नाही, कारण जॅझमध्ये गायक कुजबुजता कुजबुजता एकदम मोठ्याने गातो. खोलीत गाद्या, गोधड्या लावा. पावसाळ्यात कंडेन्सर सिलिका जेलसोबत डब्यात, आणि नवरात्रात गरब्याच्या आवाजामुळे रात्री रेकॉर्डिंग नकोच.