३६ व्होल्टचा चार्जर, मराठवाड्याचा उन्हाळा आणि खोक्यातून आलेली सायकल

नमस्कार सर. आपण विचारलेले थोडक्यात असे आहे: सेलूजवळच्या गावातून नऊ किलोमीटरवरच्या शाळेत जाण्यायेण्यासाठी आपण विजेवर चालणारी सायकल मागवली. तिच्या मागच्या चाकात २५० वॅटची मोटर आहे, बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची लिथियमची आहे आणि सायकल अर्धवट जोडलेल्या अवस्थेत खोक्यातून आली आहे. घरी जुन्या विजेच्या सायकलचा ‘३६ व्होल्ट’ असे लिहिलेला चार्जर पडून आहे, त्याची पिन नव्या बॅटरीला बसते, म्हणून तो शाळेत ठेवावा असा आपला विचार आहे. शिवाय गावातला मेकॅनिक ४८ व्होल्टची बॅटरी बसवून वेग वाढवून देतो म्हणतो. जोडणीबद्दल पुढे लिहितो, पण सुरुवात चार्जरपासून करतो, कारण जोडणीतली चूक बहुधा सायकल चालवताना लक्षात येते आणि चार्जरमधली चूक घरातले सगळे झोपलेले असताना. तो जुना चार्जर कृपया वापरू नका.

‘३६ व्होल्ट’ हे बॅटरीचे ढोबळ नाव आहे. चार्जर नेमका किती व्होल्ट देतो ते त्यावरून कळत नाही. आपल्या नव्या बॅटरीत बहुधा लिथियम-आयनचे दहा सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. प्रत्येक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर येतो, म्हणून या बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्टला थांबणारा असावा लागतो. जुन्या सायकलींत शिसे-आम्लाच्या १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या असत आणि त्यांचा चार्जर ४४ व्होल्टच्या आसपास जातो. तिसरा प्रकार लिथियम आयर्न फॉस्फेटचा, ज्याला दुकानात एलएफपी म्हणतात. त्याचे बारा सेल ४३.८ व्होल्टला भरतात. तिन्ही खोक्यांवर ३६ हाच आकडा छापलेला असतो आणि तिन्ही चार्जरांची गोल पिन एकसारखी असू शकते. आपला जुना चार्जर शिसे-आम्लाचा असेल, तर तो नव्या बॅटरीच्या एकेका सेलवर ४.२ ऐवजी ४.४ व्होल्टपर्यंत ताण देऊ पाहील. बॅटरीच्या आतला बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारी सर्किटची पट्टी, अशा वेळी प्रवाह तोडते हे खरे. परंतु ती शेवटची राखण आहे, रोजच्या वापरातले बटण नव्हे. तिच्यातला एखादा मॉसफेट, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट होऊन निकामी झाला, तर बाहेरून काहीही कळत नाही आणि सेल भरतच राहतात. लिथियम-आयनचा सेल मर्यादेपलीकडे भरत गेला की आत धातूरूप लिथियम साचू लागते, सेल तापतो, फुगतो आणि पुढे पेटूही शकतो.

म्हणून नव्या सायकलबरोबर आलेला चार्जर हातात घ्या आणि उजेडात त्याच्या मागचे लेबल वाचा. ‘इनपुट’च्या खाली ‘आउटपुट’ अशी ओळ असते. तिथे ४२ व्होल्ट आणि बहुधा २ अँपिअर असे लिहिलेले असेल. मल्टिमीटर असल्यास चार्जर बॅटरीला न जोडता सॉकेटमध्ये लावा, मीटर डीसीच्या २०० व्होल्टच्या खुणेवर ठेवा, लाल टोक पिनच्या आतल्या भागाला आणि काळे टोक बाहेरच्या कड्याला लावा; दोन्ही टोके एकमेकांना टेकणार नाहीत एवढे सांभाळा. बहुतेक चार्जर असे मोकळे असतानाही व्होल्टेज दाखवतात. आकडा ४२ च्या जवळपास हवा. आकड्यापुढे उणे चिन्ह आले तर त्या पिनची ध्रुवता, म्हणजे अधिक-उणे टोके, उलट आहे असे समजावे. जुना चार्जर असाच मोजून पाहा म्हणजे फरक आपल्यालाच दिसेल. मूळ चार्जरवर रंगीत चिकटपट्टी लावून बॅटरीचे नाव लिहून ठेवणे चांगले, कारण घरात मोबाइल, फवारणी पंप आणि सायकल या सगळ्यांचे चार्जर एकाच कोनाड्यात जमतात आणि घाईत जो हाती लागेल तो लावला जातो.

खरे तर शाळेत दुसरा चार्जर ठेवण्याची आपल्याला गरजच नाही. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॅट-अवर. पायडल मारत, मोटरची मदत घेत चालवल्यास सपाट रस्त्यावर किलोमीटरमागे साधारण आठ ते बारा वॅट-अवर लागतात. पायडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे मोटरचा वेग वाढवणाऱ्या मुठीवर, चालवल्यास त्याहून बरेच अधिक. आपले रोजचे अठरा किलोमीटर म्हणजे बॅटरीचा जवळपास निम्मा भाग. दोन अँपिअरच्या चार्जरने तो अडीच-तीन तासांत भरून निघतो, म्हणजे रात्रभर चार्जिंगला लावून झोपण्याचेही कारण उरत नाही. शाळेतून आल्यावर बॅटरी निदान अर्धा तास थंड होऊ द्यावी, सातच्या सुमारास लावावी आणि जेवणे आटोपेपर्यंत काढून घ्यावी. लाइट गेली असेल तर चार्जर सॉकेटमधून काढून ठेवावा आणि लाइट येऊन व्होल्टेज स्थिर झाल्यावर, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा लावावा. गावाकडच्या फीडरवर लाइट परत येताना व्होल्टेज वरखाली होते आणि चार्जरचे आयुष्य तिथेच संपते.

आता उन्हाळा, आणि माझ्या मते आपल्या भागात बॅटरी मारणारी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. परदेशी कंपन्यांच्या पुस्तिकांत थंडीबद्दल पानेच्या पाने असतात, आपल्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नयेत असे सेल बनवणारेच सांगतात, आणि परभणी जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतलेच तापमान ४२-४३ अंशांवर जाते. पत्र्याच्या शेडखाली ते त्याहून वर असते, आणि उन्हात उभ्या केलेल्या सायकलची काळी बॅटरी तर हात लावू देत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता ही जोडी सेलांना सर्वाधिक झिजवते. फक्त उष्णता किंवा फक्त पूर्ण चार्ज त्या मानाने सोसवते. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी चार्जिंग करू नये, आणि शाळेत पोहोचल्यावर किल्ली फिरवून बॅटरी काढावी व कार्यालयात भिंतीकडेच्या सावलीत ठेवावी. ती अडीच-तीन किलोची असते, नेणे अवघड नाही. लिंबाखाली सायकल लावली तरी दुपारनंतर सावली सरकते आणि बॅटरी उन्हात येते. घर माळवदाचे असेल तर बॅटरीसाठी आतल्या खोलीइतकी चांगली जागा नाही. मातीच्या त्या जाड छताखाली मे महिन्यातही गारवा राहतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सायकल महिना-दीड महिना उभी राहील. त्या आधी बॅटरी अर्धी भरलेली ठेवा; दहा सेलांच्या बॅटरीवर मीटर ३७ व्होल्टच्या आसपास दाखवील. ती सायकलवरून काढून ठेवा, कारण सायकलला लावलेल्या अवस्थेत डिस्प्ले आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज मोजून देणारा डबा, थोडा थोडा प्रवाह खात राहतात. तिला अगदी रिकामी करून ठेवू नका. जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण भरून घ्या. एरवीही दर काही आठवड्यांनी एकदा शंभर टक्के भरणे बरे, म्हणजे बीएमएसला सेल एका पातळीवर आणता येतात. रोज मात्र ऐंशी-नव्वद टक्क्यांवर काढल्यास बॅटरी अधिक वर्षे टिकते.

बॅटरी कुठे चार्ज करता हा प्रश्न आपण विचारला नाही, परंतु मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दिवाळीनंतर आपल्याकडे कितीतरी घरांत भाव येईपर्यंत कापूस एका खोलीत छतापर्यंत भरून ठेवलेला असतो. त्या खोलीत, कडब्याच्या गंजीजवळ, बारदान्यावर किंवा अंथरुणावर बॅटरी कधीही चार्जिंगला लावू नका. घराबाहेर पडण्याच्या एकमेव दारातही नको. काही झाले तर माणसे आतच अडकतात. फरशीवर किंवा शहाबादी दगडावर, चारी बाजूंनी हातभर मोकळी जागा ठेवून, थेट भिंतीवरच्या सॉकेटमधून चार्ज करावे. बॅटरी एका बाजूने फुगलेली दिसली, चार्ज होताना एकच कोपरा तापला, आतून चटचट आवाज आला किंवा गोडसर उग्र वास आला, तर मेन स्विच बंद करावा आणि तिच्यापासून दूर व्हावे. धूर निघू लागलेली बॅटरी उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्न करू नये; तो धूर विषारी असतो आणि भडका क्षणात होतो. सर्वांना बाहेर काढून दार लोटावे, १०१ किंवा ११२ ला फोन करावा. सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी मारणे हाच सेल थंड करण्याचा उपयोगी मार्ग आहे. वाळू किंवा गोधडी टाकल्याने आतली उष्णता कमी होत नाही. विझल्यासारखी दिसणारी बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती नंतरही उघड्यावर, गोठ्यापासून आणि गंजीपासून दूर राहू द्यावी.

जोडणीकडे वळतो. सगळे काम होईपर्यंत बॅटरी सायकलला लावू नका. कारखान्यातून मागचे चाक, साखळी आणि वायरिंग बहुधा बसवूनच येते. आपल्याला हँडल, पुढचे चाक, पायडल आणि सीट बसवायचे असते. सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे पुढचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा फाटा, उलटा राहणे: खोक्यात मावावा म्हणून तो मागे फिरवलेला असतो आणि तसाच हँडलला आवळला जातो. सीटवर बसल्यावर पुढच्या डिस्क ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे डिस्कला दाबून धरणारा भाग, आपल्या डाव्या हाताला आले पाहिजे. डावे पायडल उलट्या आट्याचे असते. दोन्हींवर एल आणि आर कोरलेले असते, आणि पहिले काही फेरे पान्ह्याने नव्हे, हातानेच फिरवावेत, म्हणजे आटे खराब होत नाहीत. सीटच्या दांड्यावर किमान किती आत जायला हवे याची रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये. हँडलचे लहान बोल्ट साधारण ५-६ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचे माप) एवढेच आवळायचे असतात, म्हणजे छोट्या अ‍ॅलन कीने बेताने आवळायचे. मागच्या एक्सलचा नट मात्र ४० च्या घरात लागतो.

या मागच्या एक्सलपाशी थोडा वेळ थांबा. हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यातली मोटर, चाकाला पुढे ढकलते तेव्हा एक्सल तेवढ्याच जोराने उलट फिरू पाहतो. त्याला धरून ठेवण्यासाठी एक्सलच्या दोन बाजू चपट्या असतात आणि आत दात असलेला वॉशर असतो. तो दात फ्रेमच्या खाचेत नीट बसलेला हवा. नट ढिला राहिला तर एक्सल खाचेत गरकन फिरतो आणि मोटरची वायर पिळून तोडतो. वायर एक्सलमधून निघाल्यावर आधी थोडी खाली झुकून मग वर जायला हवी, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळून मोटरमध्ये शिरत नाही. जोडण्यांच्या गोल प्लगवर बाण असतात. बाणासमोर बाण ठेवून सरळ दाबावे, पिळू नये.

शेवटी बॅटरी लावून, मागचे चाक अधांतरी ठेवून थ्रॉटल अगदी हलका फिरवा आणि ब्रेक दाबा. मोटर तत्क्षणी थांबली पाहिजे. उजवा-डावा दोन्ही ब्रेक वेगवेगळे तपासा. यातली एकही चाचणी अयशस्वी झाली तर सायकल रस्त्यावर आणू नका. डिस्कला तेलकट हात लावू नका. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर मागच्या चाकाचे आरे आणि सगळे नट पुन्हा तपासून घ्या, कारण नवे आरे बसताना सैल होतात.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये गच्च बसतो आणि मोटर चाक फिरवण्यासाठी झगडत तापत राहते. अशा वाटेवर उतरून काठीने चिखल काढणे भाग आहे. सायकल धुताना प्रेशरचा पाइप वापरू नका, ओल्या फडक्याने पुसा. बाभळीचा काटा मागच्या चाकात गेला तर पंक्चरवाल्याला चाक काढू देऊ नका; टायरची एक बाजू रिममधून उतरवून ट्यूब बाहेर ओढली की चाक जागेवर ठेवूनच ठिगळ लावता येते. ऊस हंगामात संध्याकाळी ट्रॉल्यांमधून वाट काढायची असल्यास मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर हवेतच, आणि हेल्मेटही.

४८ व्होल्टचा बेत मात्र पूर्णपणे सोडून द्यावा असे मी आग्रहाने सांगेन. पूर्ण भरलेली ४८ व्होल्टची बॅटरी ५४.६ व्होल्ट देते. ३६ व्होल्टच्या काही कंट्रोलरांतले कपॅसिटर नावाचे भाग ५० व्होल्टपर्यंतच सोसणारे असतात. कंट्रोलर तगला तरी वेग सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो, ब्रेक आणि फ्रेम मात्र त्याच राहतात. कायद्याची बाजूही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी ठेवून, अधिकृत संस्थेकडून तपासून आलेली सायकलच परवाना आणि नोंदणीतून सुटते. आपल्या सायकलच्या कागदांत तसे प्रमाणपत्र आहे का तेही एकदा पाहून घ्या. वेग वाढवला की तीच सायकल कायद्याच्या दृष्टीने नोंदणी आणि विमा नसलेले मोटार वाहन ठरते, आणि अपघात झाल्यास तो भार आपल्यावर येतो. मेकॅनिकला ब्रेक, आरे आणि पंक्चरचे काम जरूर द्या, बॅटरी उघडण्याचे नको. जुन्या लॅपटॉपचे सेल डाग देऊन जोडलेल्या स्वस्त बॅटऱ्या बाजारात मिळतात. त्यांतले सेल एकसारखे नसतात आणि कमजोर सेल दर चार्जिंगला आधी भरून आधी तापतो.

जुन्या सायकलच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या घरी असतील तर त्या बॅटरी विकणाऱ्या दुकानात परत द्या, त्यांचे पैसेही मिळतात. पुढे केव्हातरी ही लिथियमची बॅटरी संपेल तेव्हा भंगारवाल्याकडे टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून सायकलचे बिल जपून ठेवा आणि देण्यापूर्वी दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा. मोजलेला आकडा आणि दोन्ही चार्जरांच्या लेबलांचे फोटो पाठवले तर पाहून सांगतो.