व्हिडिओ गेमच्या जाहिरातीत हे खोटे साहेब (कंपनीचा माणूस म्हणून दाखवलेली काल्पनिक पात्रं) कशाला आणतात, मारिओ-सोनिकसारखे गेममधले हीरो पुरत नाहीत का?

मारिओ फक्त मारिओचाच गेम विकू शकतो हो. कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, म्हटलं की फुटबॉल, कार रेसिंग, मारामारी सगळंच येतं, ते एकट्या त्याच्या तोंडी कसं घालणार. आणि खरी गोष्ट म्हणजे कंपनीला स्वतःच्या तोंडानी बोलता येत नाही असं पुष्कळ असतं, ते अशा माणसाकडून वदवून घेता येतं.

सोनीचंच घ्या. 2006 मधे अमेरिकेत त्यांचा कन्सोल पीएस3 (प्लेस्टेशन 3) आला तो 499 आणि 599 डॉलरला, लोक म्हणाले ह्यांना माज आलाय (इथे इंदूरला जेल रोडवर तर लोक किंमत ऐकूनच पीएस2 कडे वळायचे). मग 2009 मधे किंमत 299 केली आणि जाहिरातीत केविन बटलर आणला, दर वेळी कुठल्यातरी भलत्याच खात्याचा व्हाइस प्रेसिडेंट, सूट घालून एकदम गंभीर चेहऱ्यानी वाट्टेल ते फेकणार. खरा साहेब इतकं फेकला असता तर शिव्या खाल्ल्या असत्या, ह्याला लोक हसले, आणि 2010 च्या ई3 मधे, म्हणजे गेमवाल्यांच्या मोठ्या प्रदर्शनात, सोनीनी त्याला चक्क स्टेजवर उभं केलं. आपल्या सर्फच्या ललिताजी आठवतात ना, काम तेच, फक्त त्या शहाण्या होत्या आणि हा थापाड्या.

गडबड कुठे होते, तर पात्र कंपनीचं आणि चेहरा नटाचा. बटलर झालेला जेरी लॅम्बर्ट 2012 मधे ब्रिजस्टोन टायरच्या जाहिरातीत दिसला, त्यात सोनीच्या प्रतिस्पर्धी निन्टेंडोचा वी (Wii) कन्सोल होता, झालं, सोनीनी केस टाकली. तिथे त्याचं नाव बटलर नव्हतं, पण बघणाऱ्याला बटलरच दिसणार ना! ब्रिजस्टोननी त्याला जाहिरातीतून कापून टाकलं.

मला विचाराल तर सगळ्यात भारी सेगाचा सेगाता सान्शिरो, जपानमधला, 1997 चा. आपल्याकडे टीव्हीवर आला नाही, यूट्यूबवर बघा. ज्यूदोचे कपडे घालून फिरतो आणि सेगाचा कन्सोल सॅटर्न सोडून बाहेर मजा करणाऱ्या पोरांना धरून आपटतो. नट हिरोशी फुजिओका, 1971 चा पहिला कामेन रायडर (जपानी टीव्हीवरचा सुपरहीरो), म्हणजे तिथल्या एका पिढीचा लहानपणीचा हीरो, म्हणून तर जोक चालला. 1998 मधे सेगाचा पुढचा कन्सोल ड्रीमकास्ट यायचा होता तेव्हा सेगाच्या ऑफिसवर येणाऱ्या मिसाइलवर उडी मारून त्याला मारूनच टाकला. कन्सोल संपला, माणूसही संपला, एकदम साफ काम.

2020 मधे सेगाला 60 वर्षं झाली तेव्हा नवा हीरो आणला, तो फुजिओकाचाच मुलगा. बाकी सॅटर्नला वाचवणं सान्शिरोलाही जमलं नाही, प्लेस्टेशन जपानमधेही पुढेच राहिला.