‘ब्लू मून’ निळा नसतो

भाषांतराचं काम करणाऱ्या एका मुलीनं विचारलंय: एका वाक्यात मामा ‘वन्स इन अ ब्लू मून’ येतो, त्याला मराठीत काय म्हणायचं, आणि चंद्र निळाच का?

अर्थ सोपा आहे. क्वचित, फार दिवसांनी एखाद्या वेळी. पण ‘निळ्या चंद्रात एकदा’ असलं कृपा करून लिहू नका. हेही मी छापलेलं वाचलंय.

निळा का? १५२८ सालच्या एका इंग्रजी पुस्तिकेत धर्मगुरूंना टोला आहे: ते म्हणाले चंद्र निळा, तर आपण ते खरं मानायचं! म्हणजे निळा चंद्र ही मुळात अशक्य गोष्ट, आपल्या सशाच्या शिंगासारखी. अशक्याचं पुढे दुर्मीळ झालं, इतकंच. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, त्या धुळीतून चंद्र निळसर दिसला आणि वाक्प्रचार आला, असं सांगणाऱ्या जाणकारांनी सनावळी तरी बघावी. क्राकाटोआच्या आधी निदान पन्नास वर्षं लोक तो वापरत होते.

मला खरी चीड येते ती ‘आज निळा चंद्र दिसणार’ या बातम्यांची. ऑगस्ट २०२३ मध्ये शेजारची पोरं त्यापायी गच्चीत जमली. चंद्र नेहमीचाच, पांढराशुभ्र. ‘काका, निळा कुठंय?’ काय सांगणार?

इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा म्हणजे ब्लू मून, ही व्याख्याच मुळी चुकीतून आलेली. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं शेतकऱ्यांचं पंचांग एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या की तिसरीला ब्लू मून म्हणे. मार्च १९४६ च्या ‘स्काय अँड टेलिस्कोप’मध्ये जेम्स ह्यू प्रुएट यांनी तो नियम चुकीचा लावला. मासिकानं १९९९ मध्ये चूक मान्य केली, पण तोवर ती जगभर पोचली होती.

पण तिसरीच का, चौथी का नाही? इथं मला फार आनंद होतो. ऋतूतल्या शेवटच्या पौर्णिमेचं ठरलेलं नाव तिच्याकडेच राहावं, म्हणून जादा पौर्णिमा तिच्या आधी घालायची. आपण वेगळं काय करतो? अधिक श्रावण आधी, निज श्रावण मागून, म्हणजे नारळी पौर्णिमा आपल्या जागी. १९ वर्षांचे महिने २२८, पौर्णिमा २३५. वरच्या सातांचं करायचं काय, हाच दोघांपुढचा प्रश्न. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ज्या दोन पौर्णिमा आल्या, त्यातली पहिली अधिक श्रावणातली आणि दुसरी निज श्रावणातली होती!

हां, मराठी शब्द राहिला. बरेच जण ‘कपिलाषष्ठीचा योग’ सुचवतात. मला ते पटत नाही. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतीपात आणि हस्तातला सूर्य, एवढं सगळं जुळलं तर ती कपिलाषष्ठी. पाचही भावंडं एका ताटाभोवती बसली, तर तो कपिलाषष्ठीचा योग. तुमच्या वाक्यातला मामा मात्र नुसताच फार दिवसांनी येतो. तिथं लिहा: ‘मामा सठीसहामासी उगवतो.’