अमेरिकेत लोकल पोलिसांनी व्हिसा चेक केला तर कागद नीट असलेल्या माणसाला कसली भीती?

तुम्ही विचारलंय की ज्याचे कागद नीट आहेत त्याला गावातल्या पोलिसाने विचारलं तर बिघडलं कुठे, आणि आपण भारतीयांनी यात मेक्सिकन लोकांची बाजू का घ्यायची. मी 2006 पासून अॅरिझोनात चँडलरला राहते, हे सगळं घराजवळ घडताना बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एप्रिल 2010 मध्ये इथल्या तेव्हाच्या गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी एसबी 1070 नावाच्या राज्याच्या कायद्यावर सही केली. पोलिसाने दुसऱ्या कुठल्या कारणाने तुम्हाला अडवलं आणि तुम्ही बेकायदेशीर राहताय असा 'वाजवी संशय' त्याला आला तर त्याने तुमचं स्टेटस तपासायचंच, असा तो कायदा. आता मला सांगा हा संशय येणार कशावरून? व्हिसा संपलेला माणूस काय वेगळा दिसतो का? मग उरतं काय तर कातडीचा रंग, बोलण्याची ढब, कपडे, गाडी किती जुनी आहे. निव्वळ वंशावरून संशय घ्यायचा नाही असं आधी कायद्यात होतं, आरडाओरडा झाल्यावर आठवड्याभरात त्यातला 'निव्वळ' काढला, पण कागदावरचा शब्द बदलला म्हणून रस्त्यावर उभ्या पोलिसाची नजर कशी बदलेल.

तेव्हा माझे आईबाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले. अॅरिझोनाचं ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं की तुम्ही कायदेशीर असं धरलं जायचं, पण बाबांकडे ते असणार कुठून? इथल्या उन्हामुळे ते पहाटे पाचला फिरायला जायचे, एकटे, सावळा माणूस, इंग्रजी तुटकं. मी त्यांच्या गळ्यात पाऊच अडकवला, त्यात पासपोर्ट आणि त्याला स्टेपल केलेलं पांढरं आय-94, म्हणजे देशात शिरताना मिळणारा, कधीपर्यंत राहता येईल ते सांगणारा कागद. बाबा म्हणाले, "अगं फिरायला जायला पासपोर्ट?" एकतीस वर्षं एसटीत नोकरी केलेला माणूस, कधी कोणाचं एक रुपयाचं लांबवलं नाही. त्यांना कोणी कधीच अडवलं नाही हेही सांगते, पण तो पाऊच गळ्यात घालून बाहेर पडताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मी रोज बघितलंय.

आणि ही भीती उगाच नव्हती. याच चँडलरमध्ये जुलै 1997 मध्ये पोलिसांनी बॉर्डर पेट्रोलला, म्हणजे केंद्राच्या सीमा पोलिसांना, बरोबर घेऊन पाच दिवस धरपकड केली, 432 जणांना पकडलं. पण त्या नादात अमेरिकेत जन्मलेल्या, पिढ्यानपिढ्या इथे राहणाऱ्या लोकांनाही दुकानाबाहेर, रस्त्यात थांबवून कागद मागितले, कारण ते मेक्सिकन दिसत होते. जन्माने नागरिक असलेला माणूस दूध आणायला जाताना जन्मदाखला घेऊन जातो का हो? शेवटी शहराने 4 लाख डॉलर देऊन केस मिटवली. आज इंटेलमुळे याच गावात आपले कितीतरी मराठी लोक राहतात आणि बहुतेकांना हे माहीतच नाही.

मग चँडलर ज्यात येतं त्या मारिकोपा काउंटीचे (जिल्ह्याचे) तेव्हाचे शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, जो अर्पायो. 1996 मध्ये फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्यात 287 जी नावाचं कलम आलं, त्याने लोकल पोलिसांना ट्रेनिंग देऊन इमिग्रेशनचे अधिकार देता येतात. अर्पायोंच्या लोकांनी ते घेऊन लॅटिनो वस्त्यांत बारीकसारीक ट्रॅफिकच्या कारणाने गाड्या अडवायला सुरुवात केली. 2007 मध्ये एका गाडीत मागे बसलेल्या मेक्सिकन टुरिस्टला कित्येक तास डांबून ठेवलं. त्याच्याकडे व्हॅलिड व्हिसा होता! म्हणजे तुमचे 'नीट कागद' तिथे होतेच की. गाडी चालवणारा गोरा होता, त्याला सोडून दिलं. त्या टुरिस्टने केस केली आणि 2013 मध्ये फेडरल जज मरे स्नो यांनी निकाल दिला की शेरीफचं ऑफिस वंश बघून लोकांना अडवत होतं. कोर्टाचं ऐकलं नाही म्हणून 2017 मध्ये अर्पायो दोषी ठरले, पण महिन्याभरातच ट्रम्प यांनी माफी दिली. या केसपायी काउंटीचे 10 कोटी डॉलरच्या वर गेले, म्हणजे आमच्याच टॅक्सचे. आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा, की त्याच काळात याच ऑफिसकडे लैंगिक अत्याचाराच्या 400 च्या वर तक्रारी धड तपासाशिवाय पडून होत्या.

आमच्या गल्लीत एक मेक्सिकन कुटुंब होतं, मुलं इथलीच, वडिलांचे कागद नव्हते. एकदा रात्री त्यांच्याकडे चोरी झाली तर ती बाई आमच्या दारात आली, 911 ला, म्हणजे पोलिसांना, फोन तुम्ही करा म्हणून, आणि नवरा मागच्या दाराने निघून गेला होता. चोर सापडला नाही. पोलिसांना घाबरणारे लोक साक्ष देत नाहीत, मग तोच चोर उद्या माझ्या घरी येतो, एवढं साधं आहे ते.

मग कायदा पाळायचाच नाही का, असं तुम्ही म्हणाल. तसं नाही. गुन्ह्यात अटक झालेल्याचे बोटांचे ठसे जेलमधून आपोआप फेडरलकडे जातातच, त्यावर माझा फारसा आक्षेप नाही. प्रश्न रस्त्यावरच्या संशयाचा आहे. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने एसबी 1070 ची तीन कलमं उडवली पण ही कागद तपासणी ठेवली. आणि ज्या 287 जी मध्ये पोलीस रस्त्यावर इमिग्रेशन बघतात तो प्रकार 2012 ला बंद केला होता, तो 2025 मध्ये परत आणलाय.

आपल्याकडेही 2025 च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपार ढकललं आणि मग परत आणावं लागलं. बोलतात बंगाली, एवढ्यावरून संशय.

आता तुमचे आईवडील येणार असतील तर एक करा. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने कागद जवळ ठेवायचे हा इथला जुनाच फेडरल नियम आहे, त्यामुळे आय-94 ची प्रिंट काढून त्यांच्या खिशात ठेवा आणि तुमचा फोन नंबर मोठ्या अक्षरात त्यावर लिहा. माझे बाबा पुढच्या वेळी आले तेव्हा मी पाऊच काढायच्या आत त्यांनी स्वतःच मागून घेतला.