सरावाला ५६५, मॅचला ५४५: मानसिक तंत्रांनी आत्मविश्वास खरंच वाढतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १० मीटर एअर पिस्तूल खेळता, सरावाला ६०० पैकी ५६५च्या आसपास स्कोअर येतो, पण एझिकेलला (राज्य नेमबाजी स्पर्धेला) उभं राहिलं की ५४५. हात थरथरतो, एका शॉटला दहाऐवजी आठ लागला की पुढची अख्खी सिरीज (दहा शॉटचा गट) जाते. कोणीतरी सांगितलंय की व्हिज्युअलायझेशन कर (म्हणजे मॅच मनात बघ), सेल्फ टॉक कर (म्हणजे स्वतःशी बोल), आत्मविश्वास येईल. तर हे खरं की थोतांड?

मी पिस्तूलच खेळायचो, आता पोरांना शिकवतो. उपयोग होतो, यात शंका नाही. पण मॅचच्या आदल्या रात्री मोबाइलवर ध्यानाचा व्हिडिओ लावून झोपलं की सकाळी आत्मविश्वास आलेला असेल, असं ज्यांना वाटतं त्यांच्यापुढे मी हात जोडतो.

सगळ्यात आधी तो ५६५ तपासा. रेंजवर नेहमी दिसणारं दृश्य सांगतो. पोरगं साठ शॉट मारायला उभं राहतं, तिसऱ्या सिरीजला सात लागतो, लगेच "सर, हा नाही मोजायचा, पाय हलला होता" आणि टार्गेट रीसेट. मधेच पाणी, मधेच व्हॉट्सॲप. दोन सिरीज चांगल्या आल्या की तीनने गुणायचं आणि घरी स्कोअर सांगायचा. असा स्कोअर मॅचला उतरणार कसा? तो कधी मारलेलाच नसतो!

आठवड्यातून एकदा तरी पूर्ण मॅच लावा. १५ मिनिटं तयारी आणि साइटर (न मोजले जाणारे सरावाचे शॉट), मग ७५ मिनिटांत ६० शॉट, फोन बॅगेत, लागेल तो शॉट मोजायचा. मागे चार जण उभे करा, त्यांना गप्पा मारू द्या. हरेल त्याने सगळ्यांना वडापाव, एवढी पैज पुरते. खिशातून पैसे जाणार म्हटल्यावर ट्रिगरवरचं बोट कसं जड होतं ते बघाच. त्यातून येणारा आकडा कदाचित ५५२ असेल. वाईट वाटेल, पण तो तुमचा आकडा असेल, आणि तिथून पुढे सरकता येतं.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं होतं की "मला हे जमेल" हा विश्वास माणसाला चार ठिकाणांहून मिळतो: स्वतः करून दाखवलेलं काम, आपल्यासारख्याच कोणाला ते करताना पाहणं, दुसऱ्यांनी दिलेला धीर, आणि आपल्या शरीराच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. यात पहिल्याचं वजन सगळ्यात जास्त. आपल्याकडे मात्र सगळा भर तिसऱ्यावर. आई-बाबा, कोच, वर्गमित्र, सगळे "तू करशील रे" म्हणतात. ते प्रेम रेंजच्या दारापर्यंत पुरतं.

आता चौथं, म्हणजे शरीर. धडधड होणारच. स्वप्नील कुसाळे आठवा. राधानगरीकडच्या कांबळवाडीचा मुलगा, पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) फायनलला उभा. नीलिंगनंतर (गुडघ्यावर) सहावा, प्रोननंतर (झोपून) पाचवा. नंतर तो म्हणाला की त्या दिवशी छातीची धडधड काही वेगळीच होती. श्वासावर लक्ष ठेवलं, वेगळं काही करायला गेलो नाही, स्कोअरबोर्ड बघितला नाही. स्टँडिंगमध्ये वर सरकला, शेवटच्या टप्प्यात एक ९.४ गेला, तरी पुढचे शॉट बिघडले नाहीत आणि ४५१.४ वर कांस्य आलं. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर महाराष्ट्राला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. धडधड थांबली म्हणून ते मिळालं नाही. म्हणून "आधी शांत वाटू दे, मग शॉट सोडतो" हा हट्ट सोडा.

त्या हट्टाची किंमत काय होते ते अमेरिकेचा रायफल नेमबाज मॅथ्यू एमन्सला विचारा. अथेन्स २००४, थ्री पोझिशनची फायनल, शेवटचा शॉट, तीन गुणांची आघाडी. ७.२ लागला असता तरी सोनं. शॉट बरा लागला, पण शेजारच्या लेनच्या टार्गेटवर! शून्य गुण, थेट आठवा. नंतर त्याने सांगितलं की एरवी तो आधी लेनचा नंबर बघायचा आणि मग टार्गेटवर यायचा. त्या शॉटला मात्र स्वतःला शांत करण्याच्या नादात नंबर बघितलाच नाही. (त्याचं सांत्वन करायला आलेल्या चेक नेमबाज मुलीशी पुढे त्याचं लग्न झालं, म्हणजे अथेन्सची फेरी अगदीच वाया गेली नाही.) बीजिंगला पुन्हा शेवटच्या शॉटला ४.४ लागून सोनं गेलं. आणि २०१२ ला लंडनमध्ये त्याच प्रकारात कांस्य घेऊन गेला गडी.

म्हणून माझ्या मते सगळी मानसिक तंत्रं ज्या खुंटीला टांगायची ती म्हणजे शॉट रूटीन. पहिल्या शॉटला आणि साठाव्या शॉटला एकच क्रम. माझ्याकडची पोरं साधारण असं करतात: ग्रिप बसवायची, लेनचा नंबर बघायचा, एक श्वास आत आणि त्याहून लांब बाहेर, पिस्तूल टार्गेटच्या वर उचलायचं, उतरताना अर्धा श्वास सोडायचा, फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची खूण) स्वच्छ, ट्रिगरवर दाब, फॉलो थ्रू (शॉट सुटल्यावरही क्षणभर तसंच धरून ठेवणं). सात-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर खाली. खाली ठेवायला घाबरायचं नाही. एका शॉटला सरासरी ७५ सेकंद मिळतात, घाई कोणाला आहे?

सेल्फ टॉकही याच क्रमात बसवा. "मी चॅम्पियन आहे" वगैरे आरशासमोर ठीक. पिस्तूल उचलल्यावर मनात एकच शब्द हवा आणि तो कामाचा हवा: "साइट" किंवा "हळू". "जर्क नको" (ट्रिगरला झटका नको) हे तर अजिबात म्हणू नका. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी गोल्फच्या पटवर (चेंडू होलकडे हळूच ढकलायचा फटका) प्रयोग केला होता. चेंडू होलच्या पुढे जाऊ देऊ नका असं सांगितलेल्या आणि त्याच वेळी डोक्यावर दुसरा ताण असलेल्या लोकांचाच चेंडू जास्त पुढे जायचा. मनाला "नको" सांगितलं की ते तिथेच जाऊन बसतं.

व्हिज्युअलायझेशन बहुतेक जण चुकीचं करतात. पोडियम, पदक, टाळ्या. त्यापेक्षा खुर्चीत बसा, डोळे मिटा, "मॅच फायरिंग, स्टार्ट" पासून सुरू करा आणि फक्त पाच शॉट मारा, खऱ्या वेळेत. तळव्याला ग्रिपचं लाकूड, शेजारच्या लेनचा फट्ट आवाज, सगळं येऊ द्या. आणि त्यातला एक शॉट मुद्दाम आठ लावा. मग पुढे काय करता ते बघा, कारण तुमचं दुखणं तिथेच आहे.

त्या आठसाठी आधीच लिहून ठेवलेली कृती हवी. माझ्याकडच्या एका मुलीच्या डायरीत पहिल्याच पानावर आहे: "आठ लागला तर: पिस्तूल टेबलावर. हात सोडायचा. स्क्रीनकडे बघायचं नाही. बाटलीतला एक घोट. दोन लांब श्वास. नंबर." मॅचच्या नोंदीत मग एवढंच येतं: "शॉट १७, आठ, खाली डावीकडे, बोट घाईत." उजव्या हाताच्या नेमबाजाचा जर्क खाली डावीकडेच जातो, म्हणजे कारण सापडलं आणि विषय संपला. "माझं नेहमी असंच होतं" हे वाक्य डायरीत लिहायला मी बंदी घातली आहे.

पुढचे दोन-तीन महिने स्कोअरसोबत आणखी एक आकडा ठेवा: साठपैकी किती शॉटना रूटीन पूर्ण झालं. सुरुवातीला निम्मेही होत नाहीत. तो आकडा वाढायला लागला की मॅचचा स्कोअर मागून येतो, जरा उशिराने.

आणि हो, "एक गोळी घे, हात थरथरणार नाही" असं सुचवणारा महाभाग भेटलाच तर लांब राहा. प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर (धडधड आणि थरथर कमी करणारी) औषधं नेमबाजीत मॅचच्या दिवशीच काय, एरवीही बंद आहेत. बीजिंग २००८ मध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची पिस्तुलातली रौप्य आणि कांस्य, दोन्ही पदकं याच औषधापायी काढून घेतली. रक्तदाबासाठी किंवा मायग्रेनसाठी औषध घ्यायची वेळ आली, तर आपण नेमबाजी खेळतो हे डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते दुसरं काही बघतील.