धर्म, पंथ, संप्रदाय: ही उतरंड आहे काय?

प्रश्न असा आहे: शाळेच्या प्रदर्शनातील एका फलकावर ‘भारतातील विविध धर्म, पंथ व संप्रदाय’ असे शीर्षक द्यायचे आहे. धर्म सर्वांत मोठा, पंथ त्याचा भाग आणि संप्रदाय त्याहूनही लहान असे मानून त्याखाली नावे लावली, तर ते भाषेच्या दृष्टीने बरोबर ठरेल काय?

माझ्या मते ठरणार नाही, कारण हे शब्द लहानमोठ्या मापाचे नाहीत. ‘पंथ’ म्हणजे वाट. या शब्दात चालणाऱ्याचा आचार डोळ्यांसमोर असतो. ‘संप्रदाय’ या शब्दात ‘दा’ म्हणजे देणे हा धातू आहे, म्हणून गुरूने शिष्याला आणि त्याने पुढच्याला दिलेले असा त्याचा मूळ रोख आहे. नाथांच्या बाबतीत हा फरक चांगला दिसतो: गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर अशी परंपरा सांगताना ‘नाथ संप्रदाय’ हा शब्द सहज येतो, तर त्या मार्गाने जाणाऱ्या माणसाला आपण ‘नाथपंथी’ म्हणतो. एकाच समूहाला दोन्ही शब्द लागतात, ते दोन बाजूंनी पाहिल्यामुळे. महानुभावांना मात्र ‘पंथ’ हाच शब्द रूढ झाला आहे आणि त्यांच्या स्वतःच्या परिभाषेतील ‘परमार्ग’ या नावातही वाटच आहे.

‘धर्म’ या शब्दाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. शेजारधर्म, राजधर्म, आपद्धर्म, दानधर्म, इतकेच काय पण रसायनांचे गुणधर्म, या शब्दांत कोणत्याही उपासनेचा संबंध नाही. तेथे धर्म म्हणजे कर्तव्य, रीत किंवा स्वभाव. ‘विष्णुमय जग वैष्णवांचा धर्म’ असे तुकोबा म्हणतात तेव्हाही एखाद्या रकान्यात भरायचे नाव त्यांच्या मनात नसून वैष्णवाने जगाकडे कसे पाहावे हे ते सांगत आहेत. प्रत्येक माणसाचा एक आणि एकच धर्म असतो व त्याची मोजदाद करता येते, हा अर्थ पक्का होण्यात इंग्रजी अमलातील जनगणनेचा आणि सरकारी दफ्तराचा वाटा मोठा आहे. २०११च्या जनगणनेच्या प्रसिद्ध झालेल्या मुख्य तक्त्यांत हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि जैन यांना स्वतंत्र रकाने आहेत, तर पारशी, ज्यू आणि झारखंड परिसरातील सरना मानणारे लाखो आदिवासी ‘इतर’मध्ये जातात. पारशांची संख्या थोडी आहे म्हणून त्यांच्या धर्माला कोणी ‘पंथ’ म्हणत नाही, एवढ्यावरूनही आकारमानाचा निकष टिकत नाही हे उघड व्हावे.

शिखांच्या बाबतीत ‘शीख धर्म’ आणि ‘खालसा पंथ’ हे दोन्ही प्रयोग योग्य आहेत. गुरू गोविंदसिंग यांनी १६९९ साली आनंदपूर येथे खालसा स्थापन केला. पंजाबीत ‘पंथ’ हा शब्द शिखांच्या एकत्रित समुदायासाठी मोठ्या अभिमानाने वापरला जातो. तो मराठीत आणताना कोणी ‘पंथ म्हणजे कशाची तरी शाखा’ असा अर्थ काढला, तर तो दोष वाचणाऱ्याच्या उतरंडीचा आहे. उलट, मुस्लिमांतील सुन्नी व शिया, जैनांतील दिगंबर व श्वेतांबर, ख्रिस्ती लोकांतील कॅथलिक व प्रोटेस्टंट यांना मराठीत पंथ म्हणतात, आणि तेथे शाखेचा अर्थ खरोखरच आहे. शब्द एकच असला तरी संदर्भाने अर्थ ठरतो.

बौद्धांसाठी ‘बौद्ध धर्म’ चुकीचे नाही, परंतु महाराष्ट्रात लिहिणाऱ्याने ‘धम्म’ या शब्दाकडे दुर्लक्ष करू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षा घेतली. त्यांनी धर्म आणि धम्म यांत जाणीवपूर्वक भेद केला होता, कारण धम्माच्या केंद्रस्थानी ईश्वर नसून नीती आहे. देशातील तीन चतुर्थांशांहून अधिक बौद्ध महाराष्ट्रात आहेत, तेव्हा फलकावर हा शब्द असणेच उचित. लिंगायतांविषयी लिहिताना ‘धर्म’ लिहिणे किंवा ‘पंथ’ लिहिणे हे, तो स्वतंत्र धर्म की हिंदू धर्माचाच भाग, या आजच्या वादातील एक बाजू घेण्यासारखे होते. ज्याला ती घ्यायची नसेल त्याने ‘लिंगायत परंपरा’ म्हणावे.

राज्यघटनेच्या उद्देशिकेत १९७६ साली आलेल्या ‘सेक्युलर’ या शब्दासाठी हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’ आहे आणि मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’. भाषेपुरते बोलायचे तर मला हिंदी पाठाचा विचार समजतो, कारण कर्तव्य या अर्थाच्या धर्माशी राज्याला निरपेक्ष राहता येत नाही. तरीही मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’ इतका रुळला आहे की तो बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही.

‘सांप्रदायिक’ या विशेषणाबाबत मात्र माझा आग्रह आहे. हिंदीत त्याला द्वेषाचा अर्थ चिकटला आहे आणि तिकडून तो मराठी बातम्यांत ‘सांप्रदायिक दंगल’ असा शिरतो. मराठीत अशा दंगलीला जातीय किंवा धार्मिक दंगल म्हणतात. वारकऱ्यांमध्ये ‘सांप्रदायिक चाल’ म्हणजे भजनाची परंपरेने आलेली चाल, आणि ‘ते घर सांप्रदायिक आहे’ म्हणजे तेथे माळ, वारी व हरिपाठ आहे. हा अर्थ गमावण्याचे काहीच कारण नाही.

फलकाचे शीर्षक आहे तसेच ठेवावे. तीन शब्दांत पुनरुक्ती नाही. त्याखाली तीन पायऱ्या मात्र आखू नयेत, आणि प्रत्येक समूहाच्या नावापुढे तो समूह स्वतःसाठी वापरतो तो शब्द लिहावा.