वाचक विचारतात : जुन्या गाडीचे ब्रेक

प्रश्न : माझी १९७४ ची बुलेट ३५० आहे. पुढे सहा इंची, एका कॅमचा ड्रम. नवे लायनर टाकले, केबल बदलली, तरी कात्रजच्या उतारावर लिव्हर मुठीला टेकतो आणि गाडी पळतच राहते. सरळ सात इंची, दोन कॅमचा ड्रम बसवू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : बसवा, पण आधी आहे तो ड्रम नीट करा. जी चूक इथे होते आहे तीच सात इंचीतही होईल, फक्त खर्च वाढेल.

शू म्हणजे ड्रमच्या आतली कमान, लायनर म्हणजे तिच्यावरचा घासणारा थर आणि कॅम म्हणजे शूला बाहेर ढकलणारा तुकडा. नवे लायनर टाकल्यावर ब्रेक आणखी कमी लागतो, याचं कारण बहुतेक वेळा गोलाई. सहा इंची ड्रमचा मूळ व्यास १५२ मिमीच्या आसपास. पन्नास वर्षांत तो झिजून आणि एक-दोनदा लेथवर चढून १५३.५ झालेला असतो. बाजारातला शू मात्र १५२ च्या गोलाईचा. तो ड्रमला मधल्या पट्टीतच टेकतो, दोन्ही टोकं हवेत. खात्री करायची तर लायनरवर खडूच्या आडव्या रेघा मारा, चाक बसवून हलका ब्रेक धरून दोन-तीन फेरे फिरवा आणि उघडून बघा. रेघा फक्त मध्ये पुसल्या असतील तर दोष तिथेच आहे.

उपाय असा. पहिल्यांदा स्पोक ताणून चाक सरळ करून घ्या आणि मगच ड्रम लेथवर चढवा. हा क्रम उलटा झाला की सगळं फुकट, कारण स्पोकच्या ताणाने ड्रम किंचित लंबगोल होतो. व्हर्नियरने तीन ठिकाणी व्यास मोजा. फरक ०.२ मिमीपेक्षा जास्त असेल तर ब्रेक धरल्यावर लिव्हर हाताला धडधडतो. टर्नरला कमीत कमी काप घ्यायला सांगा, घाई करणाऱ्याकडे हे काम देऊ नका. त्यानंतर शूवर जाड लायनर चढवून घ्या. शू ब्रेक प्लेटवर बसवून, कॅम आणि शूच्या मध्ये अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची पत्री (पत्र्याची पातळ पट्टी) घालून, तो जोड ड्रमच्या व्यासाइतका लेथवर कातायचा. पत्री काढली की फिरायला पुरेशी फट मिळते. भोसरीकडे असं काम करणारे टर्नर आहेत, पण काय हवं ते कागदावर आकड्यांत लिहून न्या, नुसतं ‘शू घासून द्या’ म्हणू नका. लायनरचं पुढचं टोक, म्हणजे फिरता ड्रम ज्या टोकाला आधी भेटतो ते, पाच-सहा मिमी तिरपं घासा, म्हणजे ब्रेक किंचाळत नाही की अचानक पकडत नाही.

जोडताना दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, ब्रेक पूर्ण धरल्यावर कॅमचा लिव्हर आणि केबल यांत काटकोन हवा. कोन त्यापुढे गेला तर जोर वाया जातो, म्हणून लिव्हर एक दात मागे बसवून बघा. दुसरी, अ‍ॅक्सलचा नट ढिला ठेवून चाक फिरवा, ब्रेक घट्ट धरा आणि धरलेल्या स्थितीतच नट आवळा. शू आपोआप मध्यावर येतात. हा मिनिटभराचा खेळ, पण ब्रेकचा फरक लगेच जाणवतो. हँडलवरच्या लिव्हरच्या पिनचं भोकही बघा. ते अंडाकृती झालं असेल तर लिव्हरचा बराचसा प्रवास तिथेच संपतो.

एवढं करून समाधान झालं नाही तर सात इंची. हब (चाकाचा मधला भाग), प्लेट, शू, वेगळ्या लांबीचे स्पोक आणि केबल, असा पूर्ण जोड नाना पेठेत एकत्र मागा. रिमची भोकं हबशी जुळायला हवीत. दोन कॅमना जोडणारी काडी सुटी करून दोन्ही शू स्वतंत्रपणे ड्रमला टेकवा आणि त्या स्थितीत काडीची लांबी ठरवा. तसं केलं नाही तर एकच शू काम करतो. आणि एक सावधगिरी : गाडी पुढे जाताना दोन्ही शू स्वतःहून ओढले जातात, मागे घसरताना मात्र दोन्ही उलटे पडतात. सिंहगडाच्या चढावर थांबलात तर पुढच्या ब्रेकवर विसंबू नका, मागचा धरा.

प्रश्न : येझदीचा ब्रेक पावसात गायब होतो. मेकॅनिक म्हणतो, लायनर पॉलिश पेपरने घासून पेट्रोलने धू.
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ड्रममध्ये पाणी गेलं असेल तर ब्रेक हलका धरून थोडं अंतर चालवलं की पाणी उडतं आणि ब्रेक परत येतो. कोरड्या दिवशीही तोच हाल असेल तर ते पाणी नाही, ग्रीस आहे. हबच्या बेअरिंगचं सील गेलेलं असतं, किंवा ग्रीस ठासून भरलेलं असतं. ग्रीस प्यायलेला लायनर पेट्रोलने वरवर धुतला जातो, आत मुरलेलं ग्रीस ड्रम गरम झाला की परत वर येतं. सील बदला, लायनर बदला. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

प्रश्न : पुढे डिस्क बसवली. कॅलिपर एका गाडीचा, मास्टर सिलिंडर दुसरीचा, दोन्ही सेकंडहँड. लिव्हर दगडासारखा, ब्रेक नावाला. चार वेळा एअर काढली.
– एक वाचक, हडपसर

उत्तर : ब्रेक ऑइलमध्ये एअर, म्हणजे हवा, असती तर लिव्हर मऊ लागला असता. दगडासारखा लागतो म्हणजे मास्टर सिलिंडरचा (लिव्हर धरल्यावर ऑइल दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन गरजेपेक्षा मोठा आहे. आकडा बहुधा त्याच्या अंगावरच कोरलेला असतो, वाचा. ५/८ इंच, म्हणजे १५.९ मिमी असेल तर तो पुढे दोन डिस्क असलेल्या गाडीचा असण्याची शक्यता मोठी.

हिशेब क्षेत्रफळाचा. सरकत्या कॅलिपरला (डिस्कला पकडणाऱ्या भागाला) एकाच बाजूला २८ मिमीचे दोन पिस्टन असतील तर त्यांचं क्षेत्रफळ सुमारे १२३० चौरस मिमी. १५.९ च्या मास्टरचं १९९. गुणोत्तर ६.२. तिथे १२.७ मिमीचा मास्टर लावलात तर क्षेत्रफळ १२७, गुणोत्तर ९.७. म्हणजे तेवढ्याच बोटांच्या जोरात दीडपट पकड, बदल्यात लिव्हर थोडा जास्त आत येतो. ११ मिमीवर उतरलात तर गुणोत्तर १३ होईल, पण मग लिव्हर मुठीला टेकू लागेल. तुम्ही १२.७ किंवा त्याच्या जवळपासचा घ्या.

सेकंडहँड कॅलिपरची रबरं न बघता बदला. रबरांना पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल काहीही लागू देऊ नका, ती फुगतात आणि पिस्टन जाम होतो. बॅन्जो बोल्टचे, म्हणजे ऑइलची नळी जोडणाऱ्या बोल्टचे, तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. डॉट ४ ब्रेक ऑइल भरा, दर दोन वर्षांनी बदला, कारण ते हवेतलं पाणी शोषतं : नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी मुरलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. टाकीवर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा असतील तर एक थेंबही सांडू देऊ नका. सांडलाच तर लगेच भरपूर पाणी ओता.

आणि टायर बघा. बाजूवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३१२ म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. असल्या जुन्या, कडक झालेल्या टायरवर चांगली डिस्क म्हणजे चाक लॉक होऊन गाडी आडवी.

प्रश्न : डिस्क लावली तर ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळेल का?
– एक वाचक, औंध

उत्तर : २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज धरतात. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीची फी २० हजार. ब्रेकचं नाव त्यात घेतलेलं नसलं तरी ‘मूळ रूप’ या शब्दांवर तपासणीत प्रश्न येऊ शकतो, म्हणून अर्जाच्या वेळी मूळ चाक लावूनच गाडी दाखवा. त्यासाठी मूळ फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर) कॅलिपरचा ब्रॅकेट वेल्ड करू देऊ नका. कॅलिपरची जागा असलेला वेगळा फोर्क लेग घ्या आणि जुना लेग, ड्रम, प्लेट, केबल तेलाचा हात फिरवून बांधून ठेवा. लायनरला मात्र तेल लावू नका.